ज्याची माहिती, त्याच्याच हातानं

वाचकांचे प्रश्न : दुकान, वही आणि संगणक

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच कामाबद्दल आहेत. बाहेरच्या माणसांकडून व्यवसायाची माहिती ईमेलच्या फॉर्मनं मागवायची आणि ती डेटाबेसमध्ये नीट लावायची, हे ते काम. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या दोघांच्या अडचणींचं मूळही त्यातच आहे.

प्रश्न : आमचा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे. सुमारे १८० शेतकरी आणि छोटे व्यापारी आमच्याकडे माल पाठवतात. कुणाकडे किती माल शिल्लक आहे हे कळावं म्हणून माझा मुलगा दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना फोन करतो, चिठ्ठीवर टिपून घेतो आणि रात्री बसून मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या प्रोग्रामात, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये भरतो. आमच्याकडे ऑफिस २०१० आहे. अ‍ॅक्सेसमधून ईमेलनं फॉर्म पाठवला की उत्तरं आपोआप टेबलात जाऊन बसतात, असं एका ओळखीच्यानं सांगितलं. बटण सापडलं. चार जणांना मेल पाठवले, दोघांची उत्तरं आली, पण टेबलात एकच नोंद दिसते. हे भरवशानं वापरण्यासारखं आहे की नाद सोडावा?
— एक हळद व्यापारी, सांगली

उत्तर : मुलगा फोनवर ऐकतो, चिठ्ठीवर टिपतो, रात्री संगणकात भरतो. तुमच्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. यार्डातल्या एका अडत दुकानात मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. आमच्याकडेही हेच चालायचं. एका पाडव्याच्या सुमारास, ऐन हंगामात, वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं फोनवर 'साठ पोती' सांगितली. बाहेर गाड्या लागलेल्या, हमालांचा गलका. आमच्या पोरानं 'आठ' ऐकलं, चिठ्ठीवर ८ लिहिलं आणि मी चिठ्ठी बघून ८ भरलं. त्याच्याकडे छोटा टेम्पो गेला. माल साठ पोती. त्या दिवशीचा सौदा हुकला, दोन दिवसांनी माल आला तेव्हा दर उतरला होता. तो माणूस दुकानात आला, माझ्यासमोर बसला आणि एवढंच म्हणाला, "ताई, मी साठच म्हणलो होतो की." तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. आमच्या तिघांपैकी कुणीही कामचुकारपणा केला नव्हता. माहिती तीन हातांतून गेली आणि मधेच कुठेतरी सांडली.

म्हणून ज्याची माहिती आहे त्यानं ती स्वतः, एकदाच लिहावी आणि पुन्हा कुणी ती हातानं उतरवून घेऊ नये, यासाठी मी ईमेल फॉर्मच्या मागे लागले. तुमच्या मुलाच्या रात्री वाचतील ते आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेतकऱ्याचा आकडा शेतकऱ्याचाच राहील.

आता तुमच्या बटणाकडे येते. ती सोय खरी आहे. मायक्रोसॉफ्टनं ती अ‍ॅक्सेस २००७ मध्ये आणली, २०१० मध्ये ठेवली आणि २०१३ च्या आवृत्तीत काढून टाकली. 'एक्स्टर्नल डेटा' या पट्टीवर 'क्रिएट ई-मेल' असं बटण असतं. तिथून टेबल निवडायचं, त्यातले कुठले रकाने (फील्ड) विचारायचे ते ठरवायचं, आणि आउटलुक या मेलच्या प्रोग्राममधून प्रत्येकाला फॉर्म असलेला मेल जातो. समोरच्यानं 'रिप्लाय' दाबून चौकटीत उत्तरं लिहायची आणि पाठवायचं. उत्तर तुमच्या आउटलुकमध्ये डेटा कलेक्शनसाठी केलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये येऊन पडतं आणि तिथून टेबलात जातं. फॉर्म दोन प्रकारचे होते. एक साधा एचटीएमएलचा, दुसरा इन्फोपाथचा. इन्फोपाथच्या फॉर्मला तो प्रोग्राम दोन्ही बाजूंना लागायचा, त्यामुळे आपल्याकडे तो कामाचाच नव्हता. मिरजेच्या किंवा आष्ट्याच्या शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये इन्फोपाथ कुठून असणार?

तुमचं दुसरं उत्तर कुठे गेलं, ते आउटलुकमध्येच सापडेल. त्या फोल्डरमध्ये प्रत्येक उत्तरासमोर 'डेटा कलेक्शन स्टेटस' असा रकाना असतो, त्यात उत्तर टेबलात गेलं की अडलं ते दिसतं. अडलेल्या मेलवर उजवं बटण दाबून ते पुन्हा अ‍ॅक्सेसकडे पाठवता येतं, पण आधी ते का अडलं ते बघा. मी पाहिलेल्यांत तीन कारणं नेहमीची. समोरच्यानं आकड्याच्या जागी 'अंदाजे ४० पोती' असं लिहिलं, आणि तुमचं फील्ड फक्त आकडा घेतं. किंवा मोबाइलवरून उत्तर देताना चौकट मोडली, मजकूर चौकटीच्या बाहेर गेला. किंवा मधल्या काळात तुम्ही डेटाबेसची फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, तिचं नाव बदललं, नाहीतर टेबलात एखादं फील्ड काढलं-घातलं. फॉर्म पाठवल्यावर टेबल हलवायचं नाही. सौदा सुरू झाल्यावर काटा बदलत नाहीत, तसंच हे.

एवढं सगळं सांगून मी म्हणते, या सोयीवर १८० माणसांचं काम उभं करू नका. ऑफिस २०१० ला मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२० पासून आधार देणं बंद केलं. त्यानंतर त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. ज्या संगणकावर १८० लोकांचे पत्ते आणि व्यवहार आहेत आणि जो रोज बाहेरचे मेल उघडतो, तो असा उघडा ठेवणं मला पटत नाही. शिवाय उद्या नवा संगणक घेतला आणि त्यात नवं अ‍ॅक्सेस आलं की ते बटणच नसेल.

नाद मात्र सोडू नका. काम तेच, फक्त मधली वाट बदला. गूगल फॉर्म करा, किंवा ऑफिसचं नवं वर्गणीचं खातं असेल तर मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स. मेलमध्ये फॉर्मची लिंक पाठवा. उत्तरं एका शीटमध्ये जमतात, प्रत्येक ओळीला आपोआप तारीख-वेळ लागते. ती शीट एक्सेल फाईल म्हणून उतरवून घ्यायची आणि अ‍ॅक्सेसमध्ये आणायची. उत्तर द्यायला समोरच्याकडे इंटरनेट असलेला साधा मोबाइल पुरतो, आणि ज्यांना मेल बघायची सवय नाही त्यांना हीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. तुमच्या १८० पैकी निम्म्याहून जास्त लोकांचं ईमेल खातं त्यांच्या मुलानं किंवा पुतणीनं काढून दिलेलं असेल आणि ते महिनोन् महिने उघडलं जात नसेल. त्यांना दोष देऊ नका. लिंक ते जिथे बघतात तिथे पाठवा.

अ‍ॅक्सेसमध्ये आणताना मात्र मी सांगते तेवढं ऐकाच. आलेली उत्तरं थेट मुख्य टेबलात टाकू नका. आपल्या जुन्या वह्यांमध्ये रोजकीर्द वेगळी असायची आणि खतावणी वेगळी. दिवसभराचं आधी कीर्दीत उतरायचं, मग मुनीमजी चष्मा लावून एकेक ओळ तपासत आणि नंतरच ती त्या-त्या माणसाच्या खात्यावर खतवली जायची. इथेही तसंच करा. 'कच्ची_आवक' असं एक टेबल करा, त्यात सगळी फील्ड मजकुराची ठेवा म्हणजे काहीही आलं तरी अडणार नाही. मग तपासणीच्या क्वेरी, म्हणजे टेबलाला विचारायचे ठरलेले प्रश्न, चालवा. अ‍ॅक्सेसच्या क्वेरी विझार्डमध्ये 'फाइंड अनमॅच्ड' नावाची तयार सोय आहे. कच्च्या टेबलातला कुठला कोड तुमच्या पुरवठादारांच्या यादीत नाही, ते ती लगेच दाखवते. दुसरी 'फाइंड डुप्लिकेट्स'. एकाच माणसानं घाईत दोनदा बटण दाबलं तर ते तिथे सापडतं. या दोन्हींतून पार पडलेल्या ओळीच अपेंड क्वेरीनं (ती ओळी दुसऱ्या टेबलाला जोडते) पक्क्या टेबलात घाला. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतील. तुमच्या मुलाच्या रात्रीच्या तीन तासांपुढे पंधरा मिनिटं जास्त नाहीत.

टेबलं किती? निदान दोन. एकात माणूस, दुसऱ्यात त्याचा माल. माणसाच्या टेबलात कोड, नाव, गाव, तालुका, मोबाइल, ईमेल. मालाच्या टेबलात तोच कोड, तारीख, मालाचा प्रकार, वजन, माल कुठे ठेवलाय ते. माणूस एकदा लिहिला जातो, त्याच्या मालाच्या नोंदी दर पंधरा दिवसांनी वाढत जातात. माहिती अशी एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची कल्पना एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकानं १९७० साली मांडली आणि आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. आपल्या मुनीमजींना वही वेगळी आणि खातं वेगळं का, ते आधीपासून ठाऊक होतं, म्हणून आपल्या लोकांना हे समजावताना मला कधी अडचण आली नाही.

खरी मेहनत फॉर्ममधले प्रश्न ठरवण्यात आहे. मी केलेल्या पहिल्या फॉर्ममध्ये 'गाव' ही मोकळी जागा ठेवली होती. एका महिन्यात एकाच गावाची एवढी रूपं आली : कवठेमहांकाळ, कवठे महांकाळ, क. महांकाळ, के. एम. आणि एकदा नुसतंच कवठे. गावनिहाय साठा काढला तर एका गावाची पाच गावं झाली होती. मोकळी जागा काढली, यादी दिली, प्रश्न संपला. तुमच्याकडे गावाची यादी आणखी एका कारणानं लागणार आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माल कुठला, हे त्या नावानं विकताना दाखवावं लागतं. परपेठची हळद आणि आपल्या भागातली हळद फॉर्ममध्येच वेगळी झाली तर नंतर गोदामात उभं राहून कुणाला विचारत बसावं लागणार नाही.

'माल किती' हा प्रश्न असा विचारू नका. कुणी पोती सांगतो, कुणी क्विंटल. पोतीही सगळीकडे एका वजनाची नसतात. 'वजन किलोमध्ये, फक्त आकडा' असं विचारा आणि फॉर्ममध्येच आकड्याशिवाय काही स्वीकारू नका. पोत्यांची संख्या हवी असेल तर तो वेगळा प्रश्न. 'माल कुठे आहे' याला पूर्वी आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं, हरिपूरचं पेव, म्हणजे जमिनीतला साठवणीचा खड्डा. आता गोदाम, घर, कोल्ड स्टोअरेज असे तीन-चार पर्याय द्या.

जीएसटी क्रमांक सगळ्यांना सक्तीचा करू नका. फक्त शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. सक्ती केली की तो बिचारा 'नाही', 'लागू नाही', 'शून्य' असं काहीतरी लिहून पुढे जातो आणि तो कचरा तुमच्या टेबलात येतो. आधी विचारा, तुम्ही शेतकरी की व्यापारी? व्यापारी म्हणेल त्यालाच पुढचा भाग दाखवा. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. पॅन तुमच्याकडे आधीच असेल तर मधली दहा अक्षरं त्याच्याशी जुळतात का, ही तपासणी क्वेरीत सहज घालता येते. क्रमांक लिहिताना झालेल्या कितीतरी चुका तिथेच पकडल्या जातात.

आता खातेक्रमांक. एका वाहतूकवाल्याचा खातेक्रमांक आम्ही एक्सेलमध्ये ठेवला होता. सोळा अंकी. एक्सेल आकड्याचे फक्त पंधरा अंक जपून ठेवतं, पुढच्या जागी शून्य भरतं. शेवटचा ७ कधी ० झाला ते कुणाला कळलंच नाही. पैसे परत आले म्हणून निभावलं, पण त्याचा ड्रायव्हर डिझेलच्या पैशासाठी दोन दिवस थांबून होता. तेव्हापासून माझा एक नियम आहे : ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा दिसला तरी मजकूरच. मोबाइल, पिनकोड, खातेक्रमांक, पुरवठादाराचा कोड, सगळे टेक्स्ट फील्डमध्ये.

पण माझं ऐकाल तर खातेक्रमांक या फॉर्ममध्ये विचारूच नका. अ‍ॅक्सेसच्या जुन्या सोयीत आहे त्या नोंदी मेलनं दुरुस्त करून घ्यायचाही पर्याय होता. माणसाची जुनी माहिती भरलेला फॉर्म जायचा, तो बदल करून पाठवायचा आणि टेबलातली नोंद बदलायची. पत्ता, मोबाइल यासाठी ठीक. बँकेच्या खात्यासाठी हे धोक्याचं आहे. 'आमचं खातं बदललं आहे, पुढचे पैसे या खात्यावर पाठवा' असे खोटे मेल व्यापाऱ्यांना येतात, आणि ते ओळखीच्याच नावानं येतात. त्या मेलचं उत्तर आपोआप टेबलात गेलं तर पैसे गेलेच म्हणून समजा. खातं बदलायचं असेल तर रद्द केलेला चेक हातात घ्या आणि तुमच्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते 'टू' मध्ये घालू नका, 'बीसीसी' मध्ये, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही त्या जागी, घाला किंवा प्रत्येकाला वेगळा पाठवा. एका मोठ्या खरेदीदारानं एकदा आम्हा सगळ्या पुरवठादारांना एकाच मेलमध्ये बोलावलं होतं. प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते दिसले. आठवड्याभरात आमच्यातल्या तिघांना कुणाकुणाचे दर विचारणारे मेल यायला लागले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की माहिती कशासाठी घेतली हे सांगा आणि त्यासाठीच वापरा. फॉर्मच्या वरच्या बाजूला दोन ओळी लिहा : ही माहिती साठा आणि गाडी ठरवण्यासाठी घेत आहोत, दुसऱ्या कुणाला देणार नाही. आणि मग ती खरोखर देऊ नका.

एक शेवटचं, यामुळे माझा ईमेलवरचा विश्वास पक्का झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गणपती पेठेत शिरलं तेव्हा माझ्या ओळखीतल्या एका दुकानाचा संगणक तळमजल्यावर होता. पाणी उतरल्यावर आम्ही तो उघडला तर आत गाळ. डेटाबेसची प्रत दुसरीकडे नव्हती. मात्र फॉर्मची उत्तरं प्रत्येकाच्या मेलमधून आली होती आणि ती मेलच्या खात्यात जशीच्या तशी होती. चार दिवस बसून आम्ही त्या मेलवरून साठ्याचं टेबल पुन्हा उभं केलं. चिठ्ठ्या असत्या तर त्या गाळातच राहिल्या असत्या. तुम्ही मूळ उत्तरं कधी पुसू नका, आणि अ‍ॅक्सेसच्या फाईलची प्रत दर शनिवारी घराच्या वरच्या मजल्यावर न्या.

प्रश्न : मी तासगावात एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये नोंदी ठेवते. शेतकऱ्यांना मराठीत फॉर्म पाठवला, उत्तरंही मराठीत आली. शीटमध्ये सगळं छान दिसतं, पण सीएसव्ही (साध्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाईल उतरवून एक्सेलमध्ये उघडली की नावांच्या जागी विचित्र चिन्हं येतात. काही जुन्या नोंदी तर अ‍ॅक्सेसमध्येही वाचता येत नाहीत. आता इंग्रजीत मागवू का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, इंग्रजीत मागवू नका. ज्याला मराठीत नीट लिहिता येतं त्याला इंग्रजीत नाव लिहायला लावलं की एकाच माणसाची चार स्पेलिंगं होतात, आणि पुन्हा तीच गावाची गोष्ट.

तुमच्या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत. पहिलीत माहिती बिघडलेलीच नाही. सीएसव्ही फाईलवर दोनदा टिचकी मारून ती उघडली की ती कुठल्या लिपीच्या संकेतात आहे हे एक्सेलला नीट कळत नाही. रिकामं एक्सेल उघडा, 'डेटा' मध्ये जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाईलचा संकेत विचारला की '६५००१ : यूनिकोड यूटीएफ-८' निवडा. यूनिकोड म्हणजे सगळ्या लिपींसाठी ठरलेला एकच संकेत. नावं जशीच्या तशी दिसतील. त्याहून सोपं म्हणजे सीएसव्ही घेऊच नका, शीट एक्सेल फाईल म्हणूनच उतरवा.

दुसऱ्या नोंदी बहुधा यूनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये भरलेल्या आहेत. त्या काळी आपण सगळेच असं करत होतो, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत इंग्रजीचंच एखादं अक्षर साठवलेलं असतं. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे मराठी वाचताच येत नाही. त्या नोंदी त्या-त्या फॉन्टच्या रूपांतरकातून एकदा यूनिकोडमध्ये आणून घ्या. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. 'कार्तिक' आणि 'सूर्यवंशी' अशा नावांत रफार इकडचा तिकडे होतो. पाचशे नावं असतील तर दोन दुपारी लागतील, पण त्या दोनच.

आणखी एक गोष्ट, तुमच्या फॉर्ममध्ये वजन आणि पेट्या या जागी अंक एकाच पद्धतीनं मागा, शक्यतो मोबाइलच्या अंकांच्या पट्टीवरचे. कुणी देवनागरी, कुणी इंग्रजी अंक लिहिले की बेरीज करताना त्रास होतो. सांगलीच्या बेदाण्यालाही २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा वर हळदीच्या उत्तरात गावाच्या यादीबद्दल जे लिहिलं ते बागेच्या गावासाठी तुम्हालाही लागू आहे. एका शेतकऱ्याचा माल एकाच लॉटमध्ये राहिला आणि त्या लॉटच्या क्रमांकावर गाव लागलेलं असलं, की पुढे विकताना तुमचीच बाजू भक्कम होईल.

प्रश्न : आमचं मिरजेत तंबोरे आणि सतारी करायचं घरचं काम आहे. महिन्याला आठ-दहा चौकशा मेलवर येतात. कुणी पुण्याचा, कुणी परदेशातला. प्रत्येकाला परत परत तेच विचारावं लागतं. डेटाबेस करून घेऊ का? एकानं चाळीस हजार सांगितले.
— एक कारागीर, मिरज

उत्तर : चाळीस हजार राहू द्या. महिन्याला आठ-दहा चौकशांना एक गूगल फॉर्म आणि त्याची एक शीट पुरते. दोन वर्षांनी ओळी वाढल्या, जुन्या गिऱ्हाइकाची दुरुस्ती आणि नवी ऑर्डर एकमेकांत गुंतायला लागल्या, तर तीच शीट अ‍ॅक्सेसमध्ये आणता येईल.

फॉर्ममध्ये मात्र तुमच्या कामाचे प्रश्न घाला. सतार की तंबोरा, गायकी पुरुषाची की स्त्रीची, पट्टी (सुराची उंची) कुठली, काळी एक की काळी चार, तारा चार की पाच की सहा, कधीपर्यंत हवी, कुठे पाठवायची. पट्टीला यादी द्या, मोकळी जागा नको. परदेशातला माणूस 'सी शार्प' लिहील आणि सोलापूरचा 'काळी एक'. यादीत दोन्ही नावं शेजारी-शेजारी ठेवा. फोटो पाठवायची जागा ठेवा, जुन्या वाद्याची दुरुस्ती असेल तर भोपळ्याला तडा कुठे आहे ते फोटोवरूनच कळतं. आणि आपोआप उत्तर जाण्याची सोय केलीत तरी त्यात 'तुमचा प्रश्न मिळाला, दोन दिवसांत मी स्वतः फोन करतो' एवढंच असू द्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ज्याला ते वाद्य हवंय त्याला तुमचा आवाज ऐकायचा असतो. फॉर्म भरून झाल्यावर फोन तुम्हीच करा, आणि त्याआधी शीटमधली त्याची ओळ एकदा वाचून घ्या, म्हणजे त्याला पट्टी पुन्हा सांगावी लागणार नाही.